दूरचा वैद्य आणि हातांतली चिठ्ठी

रोग्याची परीक्षा तीन प्रकारांनीं करावी असें आयुर्वेदाच्या आचार्यांनीं सांगून ठेविलें आहे : डोळ्यांनीं पाहून, हातानें स्पर्श करून आणि तोंडानें प्रश्न विचारून. दर्शन, स्पर्शन व प्रश्न हीं तीन नांवें वाग्भटाच्या अष्टांगहृदयांत आलेलीं आहेत. वैद्यकाच्या निरनिराळ्या पद्धतींचीं औषधें भिन्न असलीं तरी रोग्यापर्यंत पोंचण्याच्या या तीन वाटा सर्वत्र सारख्याच आहेत. परंतु वैद्य एका गांवीं आणि रोगी दुसऱ्या गांवीं, मध्यें शंभर कोसांचें अंतर, अशी स्थिति असेल तर या तिहींपैकीं कोणत्या वाटा उघड्या राहतात आणि कोणत्या बंद होतात? दुरून चालणाऱ्या वैद्यकाचा सगळा इतिहास म्हणजे या एका प्रश्नाला निरनिराळ्या काळांनीं दिलेलीं उत्तरें होत. मोठ्या शहरांत बसून हा इतिहास नीटसा कळत नाहीं. कारण तेथें दोन गल्ल्या ओलांडल्या कीं डॉक्टर भेटतो. तो कळतो बीडसारख्या जिल्ह्यांत; आणि जिवावर न बेतणाऱ्या, पण माणसाला चारचौघांत तोंड लपवावयास लावणाऱ्या एखाद्या रोगाच्या निमित्तानें तो अधिकच स्पष्ट होतो.

असा एक रोग म्हणजे रोझेशिया. त्याला मराठींत घरगुती असें नांव रूढ झालेलें नाहीं. कोणी त्याला अंगांतली उष्णता म्हणतात, कोणी उन्हाचा त्रास म्हणतात, तर कोणी तारुण्यपीटिका म्हणून सोडून देतात. पण तारुण्यपीटिकांचें वय उलटून गेल्यावर, बहुधा तिशीच्या पुढें, हा रोग डोकें वर काढतो. गाल, नाक, हनुवटी आणि कपाळाचा मध्यभाग यांवर लाली चढते. प्रथम ती येते आणि जाते. पुढें ती मुक्कामच करते. ऊन, चुलीची धग, गरम चहा, तिखट जेवण, मद्य आणि मनस्ताप यांनीं ती भडकते. लालीवर बारीक पुटकुळ्या उठतात, पण तारुण्यपीटिकांत दिसणारे काळे ठिपके त्यांत नसतात. कित्येकांचे डोळे चुरचुरतात व लाल होतात. कांहीं पुरुषांच्या नाकाची त्वचा जाड व खडबडीत होते. हा रोग संसर्गानें पसरत नाहीं आणि त्यानें कोणी मरत नाहीं. तथापि लाल नाकाच्या माणसाविषयीं जग एकच तर्क करतें, आणि ज्यानें आयुष्यांत मद्याला स्पर्श केला नाहीं त्यालाहि त्या तर्काचा जाच सोसावा लागतो.

हा रोग नवा नव्हे. चौदाव्या शतकांत फ्रान्समधील शस्त्रवैद्य गी द शोलियाक यानें चेहऱ्यावरील या लालीचा उल्लेख केलेला आहे. इटालियन चित्रकार गिर्लांदायो यानें १४९० च्या सुमारास एका वृद्धाचें व त्याच्या नातवाचें चित्र काढिलें, तें पॅरिसच्या लूव्र संग्रहालयांत आहे. त्या वृद्धाचें नाक फुगलेलें व गांठींनीं भरलेलें असून नातू त्याच्याकडे निःशंक प्रेमानें पाहत आहे. आजचे त्वचारोगतज्ज्ञ त्या नाकांत याच रोगाची वाढलेली अवस्था ओळखतात. लंडनच्या टॉमस बेटमन यानें आपल्या गुरूची, रॉबर्ट विलन याची, वर्गीकरणाची पद्धति पुढें चालवून १८१३ मध्यें त्वचारोगांवर ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यांत या रोगाला पीटिकांच्या कुळांत जागा दिली. एक गोष्ट मात्र लक्षांत ठेवण्यासारखी आहे. हीं सर्व वर्णनें गोऱ्या कातडीवरून लिहिलेलीं आहेत. सावळ्या कातडीवर लाली तितकी ठसठशीत उमटत नाहीं. ती तांबूस-काळपट दिसते, आणि रोग्याला केवळ जळजळ व चटका जाणवतो. म्हणून आपल्याकडे हा रोग नाहींच अशी समजूत पुष्कळ काळ होती. ती चुकीची होती. रोग होता, पाहणारा डोळा सरावलेला नव्हता.

सरावलेला डोळा जवळ नसणें, हेंच बीडच्या इतिहासाचें एक कायमचें दुखणें. बालाघाटच्या डोंगररांगेनें दुभागलेला आणि उत्तरेस गोदावरीच्या पात्रानें बांधलेला हा जिल्हा. बीड, आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, गेवराई, माजलगांव, वडवणी, केज, धारूर, परळी आणि अंबाजोगाई असे त्याचे अकरा तालुके. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत तो निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं तो मुंबई राज्यांत आला आणि १ मे १९६० रोजीं महाराष्ट्रांत. आद्यकवि मुकुंदराजाची अंबाजोगाई निजामी काळांत मोमिनाबाद या नांवानें ओळखली जाई आणि तेथें हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. मुंबईचें ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्यें सुरू झालें आणि हैदराबादचें वैद्यकीय विद्यालय १८४६ मध्यें. या दुसऱ्या विद्यालयांत शिक्षण उर्दूंतून दिलें जाई. बीड या दोन विद्याकेंद्रांच्या मध्यें, दोहोंपासून शेंकडों मैल दूर होतें. एकाचें राज्य निराळें आणि दुसऱ्याची भाषा निराळी. विसाव्या शतकाच्या आरंभीं निजामाच्या रेल्वेचा मनमाडकडे जाणारा मार्ग नांदेड, परभणी, जालना, औरंगाबाद असा गेला आणि बीड शहर बाजूस राहिलें. त्या शहराला आगगाडीची शिट्टी ऐकावयास १७ सप्टेंबर २०२५ हा दिवस उजाडावा लागला.

जेथें गाडी पोंचत नव्हती तेथें पत्र मात्र पोंचत होतें. निजामी राज्याचें स्वतःचें टपालखातें होतें आणि त्याचीं तिकिटें १८६९ पासून चालू झालीं होतीं. पत्र पोंचतें तेथें वैद्याचा सल्लाहि पोंचूं शकतो, हें युरोपानें त्यापूर्वीं शंभर वर्षें अनुभविलें होतें. एडिंबरोचा विल्यम कलन हा अठराव्या शतकांतील नामांकित वैद्य. त्याच्याकडे दूरदूरच्या रोग्यांचीं व त्यांच्या गांवच्या डॉक्टरांचीं पत्रें येत आणि तो फी घेऊन लेखी सल्ला देई. अशा हजारों पत्रांचा संग्रह आजहि जतन केलेला आहे. वाफेच्या यंत्रामुळें प्रसिद्ध झालेल्या जेम्स वॉटनें पत्राची नक्कल काढण्याचें एक यंत्र केलें होतें. १७८१ पासून कलन तें वापरूं लागला, आणि आपण कोणाला काय लिहिलें याची नोंद त्याच्या दप्तरीं राहूं लागली. याच काळांत स्वित्झर्लंडच्या लोझान गांवीं सॅम्युएल तिसो हा वैद्य असाच पत्रांनीं वेढलेला होता. त्यानें १७६१ मध्यें सामान्य जनांसाठीं आरोग्यावर एक पुस्तक लिहिलें आणि त्याच्या शेवटीं वैद्याकडे सल्ला मागतांना कोणत्या प्रश्नांचीं उत्तरें तयार ठेवावीं, याची यादीच जोडून दिली. रोग्याचें वय काय, दुखणें केव्हांपासून, पूर्वीं काय उपाय केले, असे ते प्रश्न. दर्शन नाहीं व स्पर्शन नाहीं अशा ठिकाणीं प्रश्न तरी पुरे असावेत, ही त्या माणसाची दृष्टि होती.

हिंदुस्थानांत टपालानें वैद्यकाला आणखी एक वाट करून दिली. व्हॅल्यू पेएबल पद्धति, जिला लोक व्ही. पी. म्हणूं लागले, १८७७ मध्यें सुरू झाली. १८८० मध्यें मनीऑर्डरचें काम टपालखात्याकडे आलें. त्याच सुमारास तयार औषधांचे कारखाने उभे राहूं लागले. पनवेलचा धूतपापेश्वर १८७२ चा आणि मुंबईचा झंडू १९१० चा. औषध बाटलींत भरून दूरच्या गांवीं जाऊं लागलें. यांत लोकांची मोठी सोय झाली, हें मान्य केलें पाहिजे. परंतु सोयीबरोबर एक धोकाहि आला. वर्तमानपत्रांतील जाहिरात वाचून माणूस स्वतःच आपल्या रोगाचें निदान करूं लागला आणि पैसे भरून पुडकें सोडवूं लागला. कलनला पत्र लिहिणारा रोगी निदान प्रश्नांचीं उत्तरें तरी देत होता, व्ही. पी. मागविणाऱ्याला प्रश्न विचारणारेंच कोणी उरलें नाहीं. तीन वाटांपैकीं तिसरीहि बंद झाली आणि औषध मात्र घरांत आलें.

ही गोष्ट सरकारच्या ध्यानांत येण्यास बराच काळ लागला. १९१२ मध्यें मुंबई इलाख्यांत डॉक्टरांच्या नोंदणीचा कायदा झाला. त्यामुळें डॉक्टर कोण आणि डॉक्टर म्हणविणारा कोण, हें ओळखण्याची सोय झाली. १९३० मध्यें कलकत्त्याचे कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखालीं औषधांच्या चौकशीसाठीं समिति नेमली गेली. बाजारांतील औषधांत भेसळ किती, त्यांवर देखरेख कोणाची, याचा तिनें शोध घेतला. तिच्या शिफारशींतून १९४० चा औषधांचा कायदा आणि १९४५ चे नियम निघाले. या नियमांत एक कलम असें आहे कीं, ज्या औषधांस डॉक्टरची चिठ्ठी लागते त्यांची चिठ्ठी लेखी असावी, तीवर डॉक्टरची सही व तारीख असावी, रोग्याचें नांव व पत्ता असावा, आणि औषध किती व कोणत्या प्रमाणांत घ्यावयाचें तें लिहिलेलें असावें. वाचावयास हें कलम रुक्ष आहे. पण त्यांत एक मोठा सामाजिक विचार आहे. औषधाबरोबर एका माणसाचें उत्तरदायित्व रोग्याच्या हातीं यावें, हा तो विचार. तो कायदा तेव्हां ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. बीड त्या हद्दीबाहेर होतें. म्हणजे टपालाची बाटली हद्द ओलांडून येई, पण कायद्याचें संरक्षण हद्दीवरच थांबे.

संस्थान विलीन झाल्यावर हें अंतर हळूहळू कमी झालें. १९७० नंतरच्या दशकांत अंबाजोगाईस स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नांवानें ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झालें. हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या नेत्याचें नांव धारण करणारें हें महाविद्यालय शहरांत न काढतां मुद्दाम ग्रामीण भागांत काढिलें, ही त्या काळीं नवलाची गोष्ट होती. ज्या गांवीं घोडदळाची छावणी होती त्या गांवीं डॉक्टर तयार होऊं लागले. परंतु त्वचेचा तज्ज्ञ ही अद्यापि मोठ्या गांवाचीच मिरास आहे. आष्टी-पाटोद्याच्या एखाद्या वाडीवरील माणसानें गालाच्या लालीसाठीं एक दिवसाची मजुरी बुडवून, दोन गाड्या बदलून तज्ज्ञाकडे जावें, ही अपेक्षाच अवघड. तो जवळच्या दुकानांत जातो आणि एक मलम मागतो.

या मलमांतच या कथेचा सर्वांत कटु भाग आहे. १९५२ मध्यें हायड्रोकॉर्टिसोन हें द्रव्य त्वचेवर लावून गुण येतो असें अमेरिकेंत सुल्झबर्गर व विटन या डॉक्टरांनीं दाखविलें. तेव्हांपासून स्टिरॉइड मलमांचें युग सुरू झालें. योग्य रोगांत, योग्य मुदतीपुरतीं हीं मलमें अमोल आहेत. रोझेशियाच्या चेहऱ्यावर मात्र त्यांची करणी निराळी होते. चार दिवसांत लाली उतरते आणि रोगी आनंदतो. मलम थांबविलें कीं लाली दुप्पट होऊन परत येते. म्हणून तो पुन्हां मलम लावतो. कातडी पातळ होते, शिरा दिसूं लागतात, पुटकुळ्या वाढतात. १९७४ मध्यें अमेरिकन संशोधकांनीं या अवस्थेला स्टिरॉइड रोझेशिया असें नांव दिलें. म्हणजे पूर्वीं ज्याला हा रोग नव्हता त्यालाहि तो मलमानें जडूं शकतो. आपल्या देशांत गोरेपणाच्या हौसेनें अशीं मलमें चेहऱ्यास फांसण्याची रीत पडली, आणि भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनीं तिच्याविरुद्ध अनेक वर्षें आवाज उठविला. अखेर २०१८ मध्यें केंद्र सरकारनें चौदा स्टिरॉइड मलमें डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकूं नयेत असा नियम केला. नियम झाला हें खरें. पण चिठ्ठी लिहिणारा डॉक्टरच जेथें नाहीं तेथें नियमानें काय साधावें? निषेधाबरोबर वाटहि द्यावी लागते.

ती वाट विजेच्या तारेनें आणि नंतर तारेवांचून आली. १९०५ मध्यें हॉलंडच्या लायडन शहरांत विलेम आइंथोव्हेन यानें रुग्णालयांतील रोग्यांच्या हृदयाचे विद्युत्‌स्पंद टेलिफोनच्या तारेवरून दीड किलोमीटर दूर असलेल्या आपल्या प्रयोगशाळेंत नेऊन तेथें त्यांचें आलेखन केलें. दुरून वैद्यक करण्याचा हा आधुनिक आरंभ मानतात. त्वचेच्या वैद्यकाला तर ही कल्पना अंगच्या कपड्यासारखी बसणारी होती. हृदय आंत असतें, त्वचा बाहेर. तिचा रोग छायाचित्रांत उतरतो. १९९५ मध्यें अमेरिकेंतील दोन डॉक्टरांनीं टेलिडर्मटॉलॉजी हा शब्दच रूढ केला. कलनच्या पत्रांत नसलेली गोष्ट आतां पत्रांत घालतां येऊं लागली : दर्शन.

भारतांत २००० च्या मार्च महिन्यांत आंध्र प्रदेशांतील अरगोंडा हें खेडें चेन्नईच्या एका खासगी रुग्णालयाशीं जोडलें गेलें, आणि २००१ पासून भारतीय अंतराळ संशोधन संस्थेनें उपग्रहाच्या द्वारें दूरच्या रुग्णालयांना मोठ्या रुग्णालयांशीं जोडण्याचें काम हातीं घेतलें. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाच्या आरंभीच्या वर्षांत महाराष्ट्रानें मुंबईचें के. ई. एम. रुग्णालय ज्या जिल्हा रुग्णालयांशीं या रीतीनें जोडलें, त्यांत बीडचें रुग्णालय होतें. तथापि ही सोय रुग्णालयाकडून रुग्णालयाला होती. रोग्याला जिल्ह्याच्या गांवापर्यंत तरी जावेंच लागे. वाडीवरच्या घरांतून थेट तज्ज्ञाला तोंड दाखवावयाचें, ही गोष्ट मोबाईल हातोहातीं पोंचल्यावरच शक्य झाली.

शक्य झाली, पण ती कायदेशीर कीं बेकायदेशीर, हें कोणी सांगूं शकत नव्हतें. २०१८ मध्यें मुंबई उच्च न्यायालयापुढें रत्नागिरीचें एक प्रकरण आलें. एका प्रसूत स्त्रीचा मृत्यु झाला होता; डॉक्टर गांवांत नसतां टेलिफोनवरून उपचार सांगितले गेले, असा आक्षेप होता. न्यायालयानें डॉक्टरांस अटकपूर्व जामीन नाकारला. एका घरावर कोसळलेल्या या दुःखाचा अर्थ लावतांना सबंध वैद्यक व्यवसाय बिचकला. दुरून सल्ला द्यावा कीं देऊं नये, या संभ्रमांत दोन वर्षें गेलीं. मग महामारी आली. ज्या २५ मार्च २०२० रोजीं सबंध देशाचे दरवाजे बंद झाले, त्याच तारखेला केंद्र सरकारनें टेलिमेडिसिनचीं मार्गदर्शक तत्त्वें प्रसिद्ध केलीं, आणि त्यांत मुंबईच्या त्या निर्णयानें उत्पन्न झालेल्या संभ्रमाचा उल्लेखहि केला. पुढें एप्रिल महिन्यांत ई-संजीवनी ही सरकारी विनामूल्य सेवा घरबसल्या रोग्यांसाठीं खुली झाली. खासगी डॉक्टरांचे दवाखानेहि मोबाईलच्या पडद्यावर उघडले.

या तत्त्वांचें सार पाहिलें तर जुन्या चिठ्ठीच्या कलमाचाच तो विस्तार आहे असें दिसेल. दुरून तपासणारा डॉक्टर नोंदणीकृतच असला पाहिजे, आणि त्यानें आपला नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर लिहिला पाहिजे. रोग्यानेंहि आपलें नांव व वय सांगितलें पाहिजे. निनांवी सल्ला मिळत नाहीं. सोळा वर्षांखालील मुलाबरोबर वडील माणूस हवें. औषधांच्या याद्या ठरविल्या आहेत : कांहीं औषधें कोणत्याहि रीतीनें बोलणें झालें तरी सांगतां येतात, कांहीं पहिल्या भेटींत तोंड प्रत्यक्ष पडद्यावर पाहिल्यावरच, आणि त्वचेवरील कित्येक मलमें याच वर्गांत येतात, कांहीं केवळ जुन्या रोग्याला पुढील भेटींत, आणि मादक व तत्सम औषधें दुरून मुळींच नाहींत. सहा महिन्यांहून अधिक खंड पडला तर ती पुन्हां पहिलीच भेट समजावयाची. यंत्राच्या बुद्धीनें परस्पर सल्ला देऊं नये वा औषध लिहूं नये, हेंहि त्यांत स्पष्ट आहे. डॉक्टरनें नोंदी ठेवावयाच्या. म्हणजे वॉटच्या नक्कल-यंत्राचें काम आतां मोबाईलची स्मृति करते.

गालांवरची लाली घेऊन एखादी गृहिणी केजहून पुण्याच्या वा मुंबईच्या खासगी त्वचारोगतज्ज्ञाशीं बोलते, तेव्हां प्रत्यक्ष काय घडतें? ती दिवसाच्या उजेडांत, तोंडावर पावडर न लावतां, समोरून व दोन्हीं बाजूंनीं छायाचित्रें काढून पाठविते. सावळ्या त्वचेसाठीं उजेड चांगला असणें फार महत्त्वाचें. डॉक्टर तिला तिसोच्या यादींतले प्रश्न नव्या शब्दांत विचारतो. लाली केव्हांपासून? चुलीपाशीं बसल्यावर वाढते काय? डोळे चुरचुरतात काय? आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न : आजवर तोंडाला काय काय लावलें? या शेवटच्या प्रश्नाचें उत्तर पुष्कळदां संकोचानें येतें, पण निदानाची किल्ली त्यांतच असते. मलमाची रिकामी नळी पडद्यासमोर धरली म्हणजे सगळा उलगडा होतो.

मग चिठ्ठी येते. मेट्रोनिडॅझोल किंवा अझेलेइक ॲसिड यांचें मलम, पुटकुळ्या अधिक असल्या तर आयव्हरमेक्टिनचें मलम, जरूर पडल्यास कांहीं आठवडे डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या. गरोदर स्त्रीला मात्र या गोळ्या देत नाहींत, म्हणून तोहि प्रश्न आधीं विचारलेला असतो. आयव्हरमेक्टिनची कथा मोठी रम्य आहे. जपानी शास्त्रज्ञ सातोशी ओमुरा यांनीं आपल्या देशांतील मातींतून एक जिवाणू वेगळा केला, विल्यम कॅम्पबेल यांनीं त्यापासून परोपजीवी जंतूंवर गुणकारी द्रव्य शोधिलें, आणि २०१५ मध्यें दोघांनाहि नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. ज्या औषधानें आफ्रिकेंतील लक्षावधि लोकांची दृष्टि वांचविली, तेंच चेहऱ्यावरील सूक्ष्म किडींवर व दाहावरहि उपयोगी पडतें असें पुढें दिसून आलें. औषधांहून मोठें पथ्य : उन्हांतून जपणें, सौम्य साबण, आणि ज्या ज्या गोष्टींनीं लाली भडकते त्या टाळणें. या रोगाला समूळ उच्चाटन नाहीं; त्याला लगाम घालतां येतो. गुण येण्यास आठ ते बारा आठवडे लागतात. हें आधीं सांगितलें नाहीं तर रोगी आठ दिवसांत निराश होऊन पुन्हां दुकानांतल्या जुन्या मलमाकडे वळतो.

बीडच्या बाबतींत या दूरच्या वैद्याचा आणखी एक गुण आहे, तो शहरी माणसाच्या सहज लक्षांत येणार नाहीं. या जिल्ह्यांतील लक्षावधि माणसें दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीसाठीं पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात आणि उन्हाळ्यांत परत येतात. कोयता घेऊन उन्हांत राबणाऱ्या माणसाचें पथ्य काय सांभाळलें जाणार, हा प्रश्न राहतोच. परंतु गांवचा डॉक्टर गांवीं राहतो आणि कारखान्याच्या तळावरचा डॉक्टर दर हंगामाला निराळा असतो. मोबाईलवरचा डॉक्टर मात्र दोन्हीं ठिकाणीं तोच राहूं शकतो. तीन महिन्यांपूर्वींचें छायाचित्र त्याच्या दप्तरीं असतें. फिरत्या माणसाला स्थिर वैद्य मिळणें, ही पूर्वींच्या कोणत्याहि काळांत न घडलेली गोष्ट आहे.

तरीहि तीन वाटांपैकीं एक बंदच आहे, हें विसरतां कामा नये. पडद्यावरून स्पर्श होत नाहीं. चेहऱ्यावरची प्रत्येक लाली रोझेशियाची नसते. ल्यूपस नांवाच्या रोगांत गालांवर फुलपांखराच्या पंखांसारखा लाल चट्टा उठतो, आणि तो रोग सांधे, मूत्रपिंडें यांवर आघात करतो. कुष्ठरोगाचे चट्टेहि कधीं कधीं लालसर असतात. तेथें संवेदना आहे कीं नाहीं हें कापसानें वा पिसानें स्पर्श करूनच पाहावें लागतें. भारतांत २००५ च्या अखेरीस कुष्ठरोगाचें प्रमाण दहा हजारांत एकाहून खालीं आलें, पण तो नाहींसा झालेला नाहीं, आणि वेळींच ओळखला तर तो पूर्ण बरा होतो. म्हणून दुरून पाहणाऱ्या डॉक्टरची खरी परीक्षा औषध लिहिण्यांत नसून, येथें औषध लिहूं नये हें ओळखण्यांत आहे. चट्टा बधिर वाटतो, डोळा दुखतो किंवा नजर अंधुक होते, ताप व सांधेदुखी बरोबर आहे, असें कळतांच त्यानें रोग्याला सांगितलें पाहिजे : अंबाजोगाईस जा, बीडच्या जिल्हा रुग्णालयांत जा, हात लावून पाहणाऱ्याकडे जा. तत्त्वांनींहि डॉक्टरला हा अधिकार दिला आहे आणि रोग्यालाहि तो मागण्याचा हक्क आहे. फी घेतली म्हणून औषध दिलेंच पाहिजे, ही व्यापाऱ्याची रीत, वैद्याची नव्हे.

टपालाच्या बाटलीपासून मोबाईलच्या चिठ्ठीपर्यंतच्या या प्रवासांत अंतर वैद्यकाचें शत्रु ठरलें नाहीं. कलननें शेंकडों मैलांवरून चांगला सल्ला दिला. आणि कोपऱ्यावरच्या दुकानांतून हातभर अंतरावरून मिळालेल्या मलमानें कित्येक चेहरे बिघडले. शत्रु ठरलें तें निनांवीपण : प्रश्न न विचारतां आलेलें औषध, आणि ज्याच्याकडे परत जाऊन जाब विचारतां येत नाहीं असा देणारा. रोग्याच्या हातांतल्या त्या लहानशा चिठ्ठीवर एक नांव असतें, एक क्रमांक असतो, एक तारीख असते. केजच्या गृहिणीनें औषध घेण्यापूर्वीं त्या तीन ओळी वाचाव्यात. त्या नसतील, तर पडद्यावर तोंड कितीहि सुहास्य दिसलें तरी तो वैद्य नव्हे. त्या असतील, तर तो मुंबईस असो वा पुण्यास, तिच्यापुरता तो गांवांतच आहे.